हाडाचे नाते आणि आईचे नाते : तिबेटच्या पर्वतपूजेसंबंधी काही विचार

तिबेटचे नाव काढले की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. बर्फाची शिखरे, पायथ्याशी मठ, आणि किडामुंगीलाही न दुखावणारा, डोंगराला देव मानणारा शांत समाज. हे चित्र मुळात तिबेटी माणसाने काढलेले नाही. १९३३ साली जेम्स हिल्टन या इंग्रज कादंबरीकाराने 'लॉस्ट होरायझन' लिहून 'शांग्रि-ला' नावाचे एक काल्पनिक खोरे वाचकांपुढे ठेवले आणि एका महायुद्धाने पोळलेल्या पाश्चात्त्य मध्यमवर्गाला ते फार आवडले. पुढे पर्यावरणाची चळवळ जगभर वाढली तेव्हा त्याच चित्रावर नवा रंग चढला. २१ सप्टेंबर १९८७ रोजी दलाई लामांनी वॉशिंग्टन येथे जी पाच कलमी शांतता योजना मांडली, तिच्यात तिबेटच्या निसर्गरक्षणाचे स्वतंत्र कलम होते. 'निसर्गरक्षक तिबेटी' ही स्वप्रतिमा १९८०नंतरच्या वर्षांत निर्वासित समाजात कशी घडत गेली, हे टोनी ह्यूबर या अभ्यासकाने सविस्तर दाखवले आहे. देश गमावलेल्या समाजाने जगाशी बोलण्यासाठी जगाला कळेल अशी भाषा उचलली, यात दोष देण्यासारखे काही नाही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला तेवढ्यावर थांबता येत नाही.

याच्या नेमके उलट चित्र बीजिंगहून येते. त्यानुसार १९५९पूर्वीचा तिबेट म्हणजे पृथ्वीवरचा नरक. तेथील पर्वतपूजा म्हणजे सरंजामदारांनी व लामांनी रयतेच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी. ही दोन्ही चित्रे परस्परांची शत्रू असली तरी त्यांच्यात एक साम्य आहे. तिबेटी माणूस डोंगराकडे पाहून नेमके काय म्हणत होता, हे दोघांपैकी कोणीही ऐकून घेत नाही. तिबेटी माणसाचे डोंगराशी नाते होते, हे निर्विवाद आहे. प्रश्न असा आहे की, ते कोणत्या जातीचे नाते होते? त्या नात्याच्या वर्तुळात कोण बसत होते आणि कोणाला वर्तुळाबाहेर उभे केले होते? निसर्गाशी असलेल्या नात्याचा विचार माणसामाणसांतील नात्यापासून तोडून करता येतो काय?

प्रथम नाते समजून घेऊ. तिबेटच्या ईशान्येस आम्दो प्रांतात, गोलोक या पशुपालक टोळ्यांच्या मुलखात, ६२८२ मीटर उंचीचा अम्न्ये माचेन हा पर्वत आहे. आम्दोच्या बोलीत 'अम्न्ये' म्हणजे आजोबा, पूर्वज. गोलोक माणूस त्या शिखराला आजा म्हणतो, आणि हे म्हणणे अलंकारिक नाही. ल्हासाच्या उत्तरेस न्येनचेन थांगल्हा हा ७१६२ मीटरचा पर्वत. त्याच्या कुशीतले नामत्सो सरोवर ही त्याची बायको. डोंगरांचे आपसांतही गोत्र आहे. ओदे गुंग्याल हा बाप आणि यार्ल्हा शाम्पो, न्येनचेन थांगल्हा, माचेन पोम्रा आदी आठ पर्वत त्याचे मुलगे, अशी जुनी वंशावळ सांगितली जाते. माणसांप्रमाणे डोंगरांनाही बापलेक आहेत, सासुरवाड्या आहेत, भाऊबंदकीची भांडणे आहेत.

राजवंशाची कथाही डोंगरापासूनच सुरू होते. यार्लुंग खोऱ्यातला पहिला राजा न्यात्री त्सेनपो हा आकाशातून डोंगरावर उतरला असे परंपरा सांगते. त्याचे वंशज मरत नसत. आयुष्य संपले की 'मु' नावाच्या दोरावरून ते आकाशात परत जात. पुढे द्रिगुम त्सेनपो या राजाने गर्वाने लोंगाम नावाच्या आपल्या अश्वपालाला लढाईचे आव्हान दिले, त्या लढाईत तो दोर तुटला आणि तिबेटच्या भूमीवर प्रथमच राजाचे प्रेत उरले. या द्रिगुमची हकिकत दुनहुआंगच्या गुहेतून विसाव्या शतकाच्या आरंभी बाहेर आलेल्या प्राचीन तिबेटी हस्तलिखितांत सापडते. त्यानंतर राजांना पुरावे लागले. चोंग्ये येथे या राजांची मातीची प्रचंड थडगी आजही दिसतात, आणि त्यांपैकी अनेकांच्या नावात 'री' म्हणजे डोंगर हा शब्द येतो. डोंगरावर उतरलेला वंश मेल्यावर पुन्हा डोंगर झाला. राजाला मारणारा हात घोड्यांची निगा राखणाऱ्या चाकराचा होता, ही गोष्टही वाचकांनी ध्यानात ठेवावी.

सामान्य माणसाचे नाते 'ला' या कल्पनेतून व्यक्त होते. 'ला' म्हणजे माणसाचे प्राणतत्त्व. ते शरीरात असते तसेच शरीराबाहेरही राहते, एखाद्या डोंगरात, सरोवरात, झाडात. तो डोंगर खणला, ते सरोवर आटले, ते झाड तोडले तर माणूस आजारी पडतो. गावाचा 'ला' असेल तर गाव खंगते. राज्यालाही असे सरोवर होते. ल्हामो लात्सो या सरोवराच्या पाण्यात पाहून नव्या दलाई लामांचा शोध घेण्याची प्रथा होती. १९३५ साली त्या वेळच्या राजप्रतिनिधीने, रेतिंग रिनपोचे यांनी, तेथे पाहिलेल्या दृश्यावरूनच चौदाव्या दलाई लामांचा शोध सुरू झाला. या समजुतीला भाबडी म्हणून हसण्यापूर्वी तिच्यातला आशय पाहावा. माणसाचे आरोग्य त्याच्या कातडीच्या आत संपत नाही, ते पाण्यात, झाडात, डोंगरात पसरलेले असते, असे हा समाज मानत होता. धरणाखाली किंवा खाणीखाली ज्याचे गाव गेले आहे त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

या नात्याला आचाराची जोडही होती. सकाळी घराच्या छपरावर किंवा टेकडीवर धुपीसारख्या सुगंधी वनस्पतींचा धूर करायचा, त्याला 'सांग' म्हणतात. वाऱ्यावर घोड्याची चित्रे छापलेले कागद उधळायचे. खिंड ओलांडताना दगडांच्या राशीत आपला एक दगड टाकायचा आणि 'ल्हा ग्यालो', देवांचा जय असो, अशी आरोळी द्यायची. अनेक डोंगरांवर शिकारीला व वृक्षतोडीला बंदी असे. 'डोंगर मोहोरबंद, दरी मोहोरबंद' असे हुकूम मठ काढीत आणि ल्हासाचे सरकारही काढी. या बंदीमुळे कित्येक ठिकाणी जंगल व जनावर टिकून राहिले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

येथपर्यंतचे वर्णन तिबेटप्रेमी पुस्तकांतही मिळते. आता थोडे पुढे जाऊ. तिबेटी भाषेत वंशाला 'रुस' म्हणतात. रुस म्हणजे हाड. मूल जन्माला येते तेव्हा त्याला हाड बापाकडून मिळते आणि मांस व रक्त आईकडून, अशी समजूत आहे. म्हणून कुळ म्हणजे हाड, आणि कुळाची शुद्धता म्हणजे हाडाची शुद्धता. डोंगराशी असलेले नाते हे याच हाडाचे नाते आहे. डोंगर आजा आहे तो बापाच्या बाजूने. तो बहुतेक वेळा चिलखत घातलेला, घोड्यावर बसलेला, हाती भाला घेतलेला योद्धा असतो. त्याला 'युल्हा' म्हणजे मुलखाचा देव म्हणतात, किंवा 'शिदाक' म्हणजे जमिनीचा धनी. जमीन ज्याच्या मालकीची तो धनी, आणि त्याचा कर वेळेवर भरला नाही तर तो गारा पाडतो, रोगराई पाठवतो. ज्या समाजात शेतकरी वतनदाराच्या व मठाच्या जमिनीला बांधलेला होता, त्या समाजाने डोंगरालाही वतनदाराचाच पोशाख चढवला. माणूस देव घडवतो तेव्हा आपल्या समाजरचनेचाच साचा वापरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

आम्दोत डोंगरावर 'लाप्त्से' नावाची जागा असते. दगडांच्या राशीत माणसाहून उंच लाकडी बाण उभे केलेले असतात. वर्षातून एकदा प्रत्येक घरातला पुरुष आपल्या घराचा बाण तेथे रोवतो. सामटेन कार्मे या तिबेटी विद्वानाने या विधीचा अभ्यास करून दाखवले की, हा विधी मूलतः भिक्षूंचा नाही, गृहस्थांचा आहे. गाव म्हणून एकत्र येण्याचा तो क्षण आहे. हे खरेच आहे. पण गाव म्हणजे कोण? लाप्त्सेवर सामान्यतः स्त्रिया जात नाहीत. बाण पुरुषाचा, हाड पुरुषाचे, म्हणून डोंगरही पुरुषांचा. आग्नेय तिबेटातील त्सारी या पवित्र पर्वताच्या शिखराभोवतीची वरची प्रदक्षिणा स्त्रियांना वर्ज्य होती. एका ठरलेल्या खिंडीपासून त्यांना परत फिरावे लागे. आणि डोंगर एका कुळाचा, एका टोळीचा, म्हणजे शेजारच्या टोळीचा तो नव्हे. गुरे पळवण्यासाठी निघालेली टोळी आपल्या डोंगराकडे जय मागे, आणि तिला अडवणारी टोळी आपल्या डोंगराकडे. हाडाचे नाते हे असे असते. ते आतल्याला घट्ट धरते, कारण बाहेरचा कोण हे त्याने आधी ठरवलेले असते.

आईच्या बाजूचे काय झाले? तिबेटी लोकांच्या उत्पत्तीची कथा अशी आहे की, अवलोकितेश्वराचा अवतार असलेला एक वानर आणि कड्यात राहणारी एक राक्षसी यांच्यापासून हा समाज जन्मला. त्सेतांग गावाजवळच्या डोंगरातली गुहा त्यांचे घर म्हणून दाखवली जाते. म्हणजे तिबेटी माणसाची आई प्रत्यक्ष खडकातूनच आलेली आहे. याहून जवळचे निसर्गनाते कोणते? पण ग्रंथकारांनी वाटणी कशी केली पाहा. लोकांतील दया, श्रद्धा, सौम्यपणा बापाकडून आला आणि लोभ, क्रोध, मत्सर आईकडून आला, असे त्यांनी लिहून ठेवले. दुसऱ्या एका कथेत सबंध तिबेट देश हीच एक उताणी पडलेली राक्षसी आहे. सातव्या शतकात स्रोंगत्सेन गाम्पो राजाची चिनी राणी वेनचेंग हिला तसे दिसले, म्हणून राक्षसीच्या खांद्यांवर, कमरेवर, हातापायांवर बारा मंदिरे खिळ्यांसारखी ठोकली आणि काळजाच्या जागी ल्हासाचे जोखांग मंदिर उभे केले. ही कथा सातव्या शतकातली नोंद नव्हे. ती काही शतकांनंतरच्या ग्रंथांत येते. म्हणूनच ती महत्त्वाची आहे. राज्य व मठ स्थिर झाल्यावर भूमीविषयी त्यांना काय वाटत होते ते तिच्यातून कळते. भूमी ही खिळे ठोकून शांत ठेवण्याची बाई आहे. तिबेटी भाषेत वश करणे, माणसाळवणे याला जो शब्द आहे, 'दुल्वा', तोच शब्द भिक्षूंच्या विनयासाठीही वापरतात. आठव्या शतकात साम्ये मठ उभारताना पद्मसंभवाने डोंगरदेवांना शपथेने बांधले, ही कथाही याच दुल्वाची आहे.

बौद्ध परंपरेने येथे एक मर्यादा मात्र नेटाने राखली, आणि तिचे मोल ओळखले पाहिजे. डोंगरदेव कितीही मोठा असला तरी तो 'लौकिक' देव, तुमच्याआमच्यासारखाच भवचक्रात अडकलेला. त्याच्याकडे मदत मागावी, पण त्याला शरण जाऊ नये. शरण जायचे ते बुद्ध, धम्म, संघ यांना. भीतीपोटी डोंगर, वने, झाडे यांचा आसरा धरण्याविषयी धम्मपदात जो इशारा आहे, त्याचा धागा येथपर्यंत पोचलेला दिसतो. तेराव्या शतकात साक्य पंडित (११८२–१२५१) या विद्वानाने तर एक पाऊल पुढे टाकले. तिसे पर्वत, म्हणजे आपण ज्याला कैलास म्हणतो तो, शास्त्रग्रंथांत वर्णिलेला हिमवत नव्हेच, वर्णन जुळत नाही, असे त्याने सरळ लिहिले. भाविकांनी कैलासाची सुमारे ५२ किलोमीटरची प्रदक्षिणा सोडली नाही हे खरे. बौद्ध तो पर्वत उजवीकडे ठेवून फिरतात, बोन धर्माचे लोक डावीकडे ठेवून, आणि हिंदू व जैनही तेथे जातातच. पण साऱ्या देशाने पवित्र मानलेल्या डोंगराविषयी 'पुरावा काय?' असे विचारणारा माणूस त्याच परंपरेत होऊन गेला, ही गोष्ट विसरता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डोंगराच्या नात्याबाहेर कोण होते? जुन्या तिबेटी समाजात लोहार, खाटीक आणि प्रेताची विल्हेवाट लावणारे लोक हीन मानले जात. त्यांना काळ्या हाडाचे म्हणत. त्यांच्याशी लग्नव्यवहार होत नसे. त्यांच्या पेल्यातून कोणी पीत नसे. ज्या समाजात घरी आलेल्या प्रत्येकापुढे चहाचा पेला ठेवतात, तेथे या नियमाचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. अनेक मठांत त्यांच्या मुलांना भिक्षू म्हणून प्रवेश नव्हता. डिंग्री भागातून आलेल्या लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला बार्बरा अझीझ यांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यात या पेल्याच्या विटाळाची सविस्तर माहिती आहे. लडाखात लोहारकाम करणारे गारा, वाजंत्री वाजवणारे मोन आणि भटके वादक बेडा यांची स्थिती अशीच होती. १९८९ साली जम्मू-काश्मीरसाठी अनुसूचित जमातींची यादी निघाली तेव्हा तिच्यात गारा, मोन आणि बेडा यांची नोंद बोटो या बौद्ध बहुसंख्याकांपासून वेगळी करावी लागली. मोनने सनई वाजवल्याशिवाय लडाखी घरात मंगलकार्य होत नव्हते आणि पंगतीत मोनची जागा सर्वांत शेवटी होती. गावकुसाबाहेर वाढलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. हिंदू स्मृतींनी अस्पृश्यतेला जसा धर्मग्रंथांचा आधार दिला तसा तिबेटात नव्हता, या लोकांची संख्याही थोडी होती, आणि सावलीचा विटाळ तेथे नव्हता. फरक सांगितलाच पाहिजे. पण फरक सांगून पेला शुद्ध होत नाही.

लोहार अपवित्र का? याची दोन कारणे सांगत. तो जीव घेणारी हत्यारे बनवतो, हे एक. दुसरे कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. लोखंडासाठी जमीन फोडावी लागते, आणि त्यामुळे जमिनीत राहणारे 'सादाक' व पाण्यात राहणारे 'लु' म्हणजे नाग दुखावतात. म्हणजे निसर्गाशी असलेल्या नात्याची जी पवित्र कल्पना, तीच लोहाराला बाहेर काढण्याचे कारण झाली. आता विचार करा. नांगराचा फाळ लोहाराने घडवला. तो फाळ जमिनीत घालून शेतकऱ्याने जमीन फोडली, किडे मारले, आणि विधी करून भूमीची क्षमा मागितली. शेतकरी शुद्ध राहिला, लोहार अशुद्ध ठरला. लाप्त्सेच्या पायात तलवारी, भाले पुरण्याची चाल आहे. ती हत्यारेही लोहाराच्याच ऐरणीवरची. डोंगराला लोहाराचे लोखंड चालते आणि गावाला लोहाराचा पेला चालत नाही. मांस सर्वांनी खाल्ले, लामांनीही खाल्ले, कारण त्या उंचीवर धान्य-भाजीवर निभत नाही. मारण्याचे पाप मात्र खाटकाच्या हाडात जमा झाले. श्रमाची वाटणी झाली तशी पापाची वाटणी झाली, आणि ज्याच्या वाट्याला श्रम आले त्याच्याच वाट्याला पापही आले.

याहून तीव्र उदाहरण प्रेतसंस्काराचे आहे. तिबेटात लाकूड थोडे आणि जमीन गोठलेली. प्रेत डोंगरावरच्या शिळेवर नेऊन, त्याचे तुकडे करून, हाडे कुटून सातूच्या पिठात कालवून गिधाडांना देतात. या विधीचे नावच 'जातोर', म्हणजे पक्ष्यांना दिलेले दान. आयुष्यभर इतर जीवांच्या देहावर जगलेला माणूस शेवटी आपला देह जीवांना परत करतो. निसर्गाशी असलेल्या नात्याची याहून मोठी कृती मला माहीत नाही, आणि परदेशी लेखकांनी तिच्यावर पुष्कळ लिहिले आहे. ही कृती प्रत्यक्ष हातांनी करणारा माणूस कोण? ल्हासात या लोकांना राग्यापा म्हणत. ते शहराच्या कडेला, याक व मेंढ्यांच्या शिंगांनी बांधलेल्या झोपड्यांत राहत, असे ल्हासाला गेलेल्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. समाजाचे सर्वांत उदात्त दान ज्याच्या हातून गिधाडांपर्यंत पोचत होते, त्याच्या हातचा चहा समाज घेत नव्हता.

आणि तरीही तिबेटी परंपरेत दुसरे एक नाते होते. महायान विचारात ध्यानाची एक पायरी अशी आहे की, प्रत्येक जीव मागच्या असंख्य जन्मांत कधीतरी माझी आई होता, हे मनात बिंबवायचे. किडा आई आहे, शत्रू आई आहे, खाटीक आई आहे. तिबेटी प्रार्थनांत 'आई झालेले सर्व जीव' हा शब्दप्रयोग पावलोपावली येतो. या नात्याला हाड लागत नाही, कुळ लागत नाही, मुलूख लागत नाही. त्याला बाहेरची बाजूच नाही. मिलारेपा या अकराव्या-बाराव्या शतकातील योग्याच्या चरित्रात गोन्पो दोर्जे या शिकाऱ्याची कथा आहे. जीव घेऊन पळणारे हरिण योग्याजवळ येऊन बसते, मागून शिकारी कुत्रा येऊन बसतो, शेवटी धनुष्य घेतलेला शिकारी येतो आणि तोही शिष्य होतो. त्या गुहेत हरणाला जागा होती आणि हीन समजल्या गेलेल्या शिकाऱ्यालाही होती.

पंधराव्या शतकातला थांगतोंग ग्याल्पो तर या बाबतीत विलक्षण माणूस. हा योगी गावोगाव हिंडून लोखंड जमवी, लोहारांना हाताशी धरी आणि नद्यांवर लोखंडी साखळ्यांचे पूल बांधी. त्सांगपो नदीवर, चुवोरी या पवित्र डोंगराच्या पायथ्याशी त्याने १४३०च्या सुमारास बांधलेला पूल प्रसिद्ध आहे. लोक त्याला 'चाकसांपा', लोखंडी पूलवाला, म्हणत. भूमीला दुखावणारे म्हणून ज्या धातूला नावे ठेवली, त्याच धातूवर पाऊल ठेवून यात्रेकरू पवित्र डोंगराकडे गेले. निसर्गाचे नाते आणि श्रमाचे नाते एकमेकांच्या आड येत नाही, हे त्या साखळ्यांनी दाखवून दिले होते. समाजाने पूल वापरला, योग्याला संत केले, आणि लोहाराला होता तेथेच ठेवले. आईचे नाते प्रार्थनेत राहिले. ते पेल्यापर्यंत उतरले नाही. कारण उघड आहे. हाडाच्या नात्यामागे जमीन, वतन, लग्नव्यवहार आणि मठप्रवेशाचे नियम उभे होते. आईच्या नात्यामागे करुणा तेवढी होती. करुणेला संस्थेची जोड मिळाली नाही की ती मनातच विरते.

१९५०च्या ऑक्टोबरात चिनी सैन्य चामदोत शिरले. १९५९च्या मार्चमधील ल्हासाचा उठाव चिरडला गेला आणि दलाई लामा भारतात आले. नव्या सत्तेने जुनी वतने मोडली आणि लोहार-खाटकांना मुक्त झाल्याचे जाहीर केले. निर्वासित तिबेटी सरकारनेही १९६३ साली जाहीर केलेल्या संविधानात कायद्यापुढील समानता मान्य केली. या घोषणांना किंमत नाही असे कोण म्हणेल? परंतु चिनी राजवटीने समतेबरोबर आणखी एक सिद्धांत आणला. माणूस मुक्त व्हायचा तर डोंगर निव्वळ दगड झाला पाहिजे. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात लाप्त्से उद्ध्वस्त झाले, पूजा बंद पडल्या. खामची जंगले तोडून लाकूड खाली नेले गेले. १९९८ साली यांगत्से नदीच्या महापुराने हाहाकार केला तेव्हा कोठे वृक्षतोडीवर बंदी आली. आणि ज्याच्या नावाने हे झाले त्या लोहाराचे काय? १९८०नंतर खेडी पुन्हा पूर्वपदावर आली तेव्हा पेल्याचा व लग्नाचा जुना विटाळही अनेक ठिकाणी परत आल्याचे अभ्यासकांनी नोंदले आहे. डोंगर मारून माणसातला भेद मेला नाही.

२९ मार्च २०१३ रोजी ल्हासाच्या पूर्वेस ग्यामा येथील खाणीवर डोंगराचा कडा कोसळून ८३ कामगार गाडले गेले. ग्यामा हे स्रोंगत्सेन गाम्पोचे जन्मस्थान मानले जाते. मेलेल्यांत तिबेटी दोन होते. बाकीचे बहुतेक दूरच्या चिनी प्रांतांतून पोटासाठी आलेले मजूर. डोंगराने सूड घेतला, असे हाडाच्या नात्याने विचार करणारा म्हणेल. आईच्या नात्याने विचार करणारा त्या ८३ जणांसाठी रडेल, कारण जमीन फोडण्याचे पाप पुन्हा फोडणाऱ्या हातांच्याच माथी आले होते आणि नफा दुसरीकडेच गेला होता. त्याच वर्षी मे महिन्यात द्रिरू भागात नागल्हा झांबा या पवित्र डोंगरावर खाणकाम होऊ नये म्हणून हजारो तिबेटी लोक डोंगरावर जमले. १९९१च्या जानेवारीत खावा कार्पो या ६७४० मीटरच्या शिखरावर गेलेले १७ जपानी व चिनी गिर्यारोहक हिमकड्याखाली गेले. पायथ्याच्या गावांचा त्या चढाईला विरोध होता. पुढे त्या शिखरावरची चढाई बंद करण्यात आली, आणि ते आजवर कोणी सर केलेले नाही. आज त्याच पर्वताची मिंग्योंग हिमनदी मागे हटत चालली आहे. पायथ्याचा शेतकरी म्हणतो, डोंगर रुसला. शास्त्रज्ञ म्हणतो, तापमान वाढले. दोघांचे म्हणणे एकाच दिशेने जाते : कोणीतरी मर्यादा ओलांडली आहे आणि किंमत त्या गावाने चुकवायची आहे.

तेव्हा तिबेटच्या पर्वतांकडे पाहताना आपण दोन्ही तयार चित्रे बाजूला सारली पाहिजेत. जुन्या व्यवस्थेने सांगितले, डोंगर प्रसन्न राहायचा तर लोहार बाहेर हवा. नव्या सत्तेने सांगितले, लोहार मुक्त व्हायचा तर डोंगर मेला पाहिजे. दोघांनीही डोंगर आणि श्रम करणारा माणूस यांना एकमेकांविरुद्ध उभे केले. हा विरोध खोटा आहे. डोंगर पवित्र म्हणून जपायचा असेल तर तो कोणाच्या नावाने जपायचा, हा प्रश्न कार्यकर्त्याने पहिल्या दिवशीच विचारला पाहिजे. पूर्वजांच्या नावाने जपला तर पूर्वजांचे हाड मोजले जाईल, आणि हाड मोजले की कोणाचे तरी हाड काळे निघेल. निसर्गाशी नाते सांगणारी कोणतीही चळवळ, मग ती ल्हासातली असो की आपल्याकडची, या कसोटीतून सुटत नाही. तिच्या सभेत पाण्याचा पेला एकच आहे काय, आणि जमीन फोडणाऱ्या मजुराला तेथे बोलता येते काय, एवढे पाहिले तरी पुरे. डोंगराला आजा म्हणणाऱ्या तिबेटी माणसाकडून आपण शिकावे, पाणी आणि झाड आपल्या प्राणात आहे हे त्याचे ज्ञान घ्यावे. आणि त्याच्याच परंपरेतली ती दुसरी, अर्धवट राहिलेली शिकवण त्याच्याबरोबरच पुरी करावी. राग्यापाच्या हातचा चहा ज्या दिवशी घरातला प्रत्येक जण निःसंकोच पिईल, त्या दिवशी 'आई झालेले सर्व जीव' हे शब्द खरे होतील. तोवर डोंगर कितीही उंच असला तरी त्याचे नाते अपुरेच राहील.